मित्राच्या फ्रीजमधली साके

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. कधी वाटायचं, सांगून आता काय होणार. कधी वाटायचं, ऐकणाऱ्याला ती नीट कळणारच नाही, कारण तिच्यात एक जपानी दारू आहे, आणि बुलडाण्यात कुणासमोर जपानी दारूचं नाव काढलं की लोक आधी हसतात, पुढचं ऐकत नाहीत. ही सगळी कारणं मी शोधून ठेवलेली होती. खरं कारण एवढंच की ही गोष्ट सांगायची तर मला माझं एक वाक्य सांगावं लागतं. ते मी बोललो तेव्हा समोर तीन मोठी माणसं होती, आणि ते खोटं आहे हे त्यांतल्या एकाला माहीत होतं. तो आता नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचो. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना होते. पंचशील मी आधी म्हणायचं आणि बाकीच्यांनी माझ्यामागून, असा रिवाज पडून गेला होता. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील मी लहानपणापासून म्हणत आलो आणि पाळतही आलो. त्यात माझा फार मोठेपणा नव्हता, घरच तसं होतं. माझ्या बायकोचे वडील दारूनं गेले. खोकल्याचं औषध आणलं तरी ती आधी बाटली उजेडात धरून त्यावरचं बारीक अक्षर वाचते. वस्तीतला दारूचा गुत्ता बंद करायला बायका निघाल्या तेव्हा पुढं हीच होती.

कोरोनात मी आजारी पडलो. लोकांचं जे झालं त्यापुढं माझं काहीच नव्हतं, घरातच बरा झालो. फक्त वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले, आला नाही. ही ठेचा वाटायला बसली की डोळ्यांतून पाणी यायचं, पण नाकाला काही कळायचं नाही. जेवण म्हणजे तिखट, खारट, गोड, एवढंच उरलं. एकदा गॅसवर दूध करपून धूर झाला तरी मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेलो. तेव्हापासून ही मला स्वयंपाकघरात एकटं सोडेना. मी चिडका झालो. ताटावरून उठायला लागलो. एका जागी बसवेना, आणि कुठं जावं तेही सुचेना.

मुलगा जपानात नोकरीला आहे. प्रवास सुरू झाल्यावर तो सुटीवर आला. त्याची आई बहिणीकडे चिखलीला गेली होती त्या दुपारी त्यानं मला वरच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक हिरवी बाटली होती आणि दोन पांढरे, बोटभर उंचीचे प्याले. प्याल्यांच्या तळाशी निळी वर्तुळं रंगवलेली.

"बाबा, रागावू नका," तो म्हणाला. "ही साके आहे. तांदळाची दारू. तिथं मी सुटीच्या दिवशी हिची चव ओळखायला शिकतो, परीक्षाही दिली. तुम्ही पिऊ नका, नुसता वास घ्या. वास घेतल्यानं शील मोडत नाही."

"शीलाचं तू मले नको शिकवू."

"बरं. पण घ्या."

त्याचं मन राखायला मी प्याला नाकाशी नेला. काही नाही. तो म्हणाला, तोंड किंचित उघडं ठेवा, श्वास ओढू नका, येऊ द्या. मी परत नेला. आणि कुठून तरी लांबून खरबुजाचा वास आला. उन्हाळ्यात पूर्णेच्या वाळूतून येतं तसं, देठाशी पिकून तडकलेलं. मी मागं वळून पाहिलं. खोलीत कुणी खरबूज कापत नव्हतं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

मी परत वास घेतला, मग प्यालो. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढं माझ्या मुलावर कुणी बोट ठेवू नये. त्यानं मला प्यायला सांगितलं नव्हतं. उलट प्याला तोंडाकडे गेला तसा त्यानं हात पुढं केला होता.

ती दुपार आमची चांगली गेली. त्यानं मला शिकवलं. आधी प्याल्यातल्या निळ्या वर्तुळांची कड पाहायची. ती स्वच्छ दिसली तर साके नितळ आहे. मग वास. मग चमचाभर घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरू द्यायचा, आणि गिळल्यावर नाकातून सावकाश श्वास सोडायचा. तेव्हा दुसराच एक वास वर येतो. मला तो भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखा आला. शेवटी जिभेच्या मुळाशी काकडीच्या देठाजवळ असतो तेवढाच कडवटपणा. तांदूळ घासून घासून कसा अर्धा उरवतात, वाफवलेल्या भातावर बुरशी कशी चढवतात, ती बुरशी भाताची साखर करते आणि त्याच पिंपात त्याच वेळी त्या साखरेची दारू कशी होत जाते, हे तो सांगत होता. नववीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं पेजेत आयोडीन टाकून निळा रंग दाखवला होता. ही तीच पेज इतकी पुढं गेलेली पाहून मला मास्तरासारखा आनंद झाला. प्याला रिकामा झाला तसा मी बाटलीकडे हात नेला. त्यानं ती बाजूला घेतली.

"तिथं आपला प्याला आपण भरायचा नसतो, बाबा. समोरच्यानं भरायचा."

संध्याकाळी त्यानं एक प्याला आणि दुसरी बाटली माझ्याकडे दिली. आमच्या डॉक्टरांना भेट द्यायला म्हणून आणलेली, सीलबंद. "तुमच्या नाकाला उपयोग होत असेल तर तुम्हीच ठेवा," तो म्हणाला. "पण ही कच्ची आहे. तापवून थांबवलेली नाही, आत अजून काम चालू असतं. बाहेर ठेवली तर नासते. थंड ठेवा, उजेड लागू देऊ नका, आणि उघडली की पंधरा दिवसांत संपवा."

थंड कुठं ठेवायची? आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीची जुडी कुठं आहे हे हिला डोळे मिटून सांगता येतं. ती दोन दिवसांत चिखलीहून येणार होती. मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, कापडी पिशवीत घातली आणि मित्राकडे गेलो.

हा मित्र म्हणजे आमच्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर. आम्ही दोघं घाटाखालचे, रोहिणखेडजवळच्या एकाच गावचे. एकत्र शिकलो, नोकरीला लागलो, बुलडाण्यात घरं केली. मधली कितीतरी वर्षं तो दारूत बुडालेला होता. बसस्टँडवर पडलेला विद्यार्थ्यांनी पाहिलेला. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आणि तिथंच आजारानं वारली. मुलगी मामाकडे वाढली. तिच्या लग्नात हा मागच्या रांगेत पाहुण्यासारखा बसला होता. त्या दिवसापासून त्यानं सोडली, ती सोडलीच. त्याला विहारात परत आणायला मी पुढाकार घेतला होता, हेही खरं आहे. रविवारी वंदनेनंतर तो मुलांना चित्रं शिकवायचा. माझी बायको रोज संध्याकाळी त्याला डबा पाठवायची.

मुलगी अमडापूरला शाळेत शिक्षिका. ती हळूहळू त्याच्याकडे यायला लागली होती. मग सुटीत नातीला त्याच्याकडे ठेवायला लागली. त्या वर्षी तिनं घराला लागून एक खोली बांधायला घेतली होती, बापासाठी. दिवाळीनंतर तो तिकडं राहायला जाणार होता. त्या खोलीबद्दल तो भेटेल त्याला सांगायचा. खिडकी उत्तरेला ठेवायला सांगितली आहे, चित्राला तोच उजेड बरा, वगैरे.

अशा माणसाकडे मी दारूची बाटली घेऊन गेलो.

"काय आहे बे त्यात?" त्यानं विचारलं.

"औषध. पोरानं जपानातून आणलं, नाकासाठी. थंड ठेवा लागते."

"तुह्या घरचा फ्रीज काय झाला?"

"आहे. पण ही उगाच विचारत बसते."

"वहिनीले भेते लेकाचा," तो हसला. "ठेव. माह्या फ्रीजमध्ये नाहीतरी दूध अन् लिंबं, दुसरं आहे काय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्याला खिशात घालून गेलो, त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून बाटली उघडली. तो दारात आला होता. पुढं आला नाही. उंबऱ्यावरच थांबला.

"गड्या," तो म्हणाला, "हे औषध मले ओळखू येते."

मी बूच परत लावायला लागलो.

"कोणत्याबी देशाचं असू दे. मले समजते."

मग मी त्याला सगळं सांगितलं. खरबुजाचं सांगितलं. मला वाटलं होतं तो रागावेल, बाटली उचलून हातात देईल. त्यानं तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "वास आला? खरंच आला?" आणि त्याचा चेहरा असा उजळला की माझ्या घरातही कुणाचा उजळला नसेल. "मंग ठेव. नाकापुरतं घे."

इथवर लिहून मी उठलो होतो. अंगणात गेलो, मोगऱ्याच्या कुंडीत, काही गरज नसताना, पाणी घातलं, परत आलो. पुढचं लिहायचं आहे म्हणून हात चालत नाही.

मी रोज दुपारी जायला लागलो. हिला सांगायचो, शाळेच्या जुन्या लोकांकडे चाललो. त्याच्याकडे पोचलो की तो पुढच्या खोलीत पंख्याखाली जाऊन बसायचा, मी आत. उघडलेली साके रोज थोडी बदलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला माझ्या नाकानं कळत गेलं आणि त्याची मला चटक लागली. पहिले दिवस खरबूज. मग ते मागं सरलं आणि पिकलेल्या केळ्याचा वास पुढं आला. मग एक दिवस दोन्ही नाहीत, नुसता भात आणि कच्च्या खोबऱ्यासारखं काहीतरी. तिकडं घरी फोडणीतला हिंग मला कळायला लागला होता. मी बाहेर येऊन त्याला सगळं वर्णन करून सांगायचो.

"आज कोणता रंग?" तो विचारायचा. चवीला तो रंग म्हणायचा.

"फिकट पिवळा. कालच्यापेक्षा जाड."

"तू विज्ञानाचा मास्तर नाई वाटत आता."

असं आमचं चाले. तो स्वतः कधी प्याल्याजवळ नाक आणत नसे. मी मात्र एके दिवशी त्याला त्यांचा रिवाज सांगितला, की आपला प्याला आपण भरायचा नसतो. सांगायला आवडलं म्हणून सांगितला. तो उठला. "मंग मी भरतो. त्यात काय," म्हणाला. आत आला, बाटली काढली, प्याला भरला. थोडी ओट्यावर सांडली. त्यानं ते फडक्यानं पुसलं, फडकं नळाखाली धरलं, पिळलं, परत धुतलं, परत पिळलं. मग साबण लावून हात धुतले. मी प्याला नाकाशी धरून उभा होतो. मला तेव्हा काय दिसत होतं कोण जाणे.

नंतर दोन-तीन दिवसांनी, मी निघताना, तो चप्पल घालून फाटकापर्यंत आला.

"एक सांगू? लवकर सरव ते."

"काऊन?"

"काई नाई. रात्री पाणी प्याले उठतो. फ्रीजपाशी जातो. मंग उघडत नाई. माठातलं पितो."

"सरवतो," मी म्हटलं. "दोन-चार दिवसांत सरवतो."

सरवली नाही. अर्ध्याहून थोडी जास्त उरली होती. मनात आणलं असतं तर उरलेली मोरीत ओतून बाटली घाटात फेकता आली असती, किंवा त्याच पिशवीत घालून उचलून आणता आली असती. पण मला पाहायचं होतं की पुढं तिचं काय होतं. पंधरा दिवस उलटले तरी ती नासली नव्हती, नुसती वेगळी होत होती. मी घोट आणखी लहान केले, पुरावी म्हणून. मी स्वतःशी म्हणायचो, हा अभ्यास आहे. तो दुपारी आता कमी बोलायचा. एकदा मी गेलो तर फ्रीजच्या दाराला त्यानं खुर्ची टेकवून ठेवलेली होती. मी खुर्ची बाजूला केली, प्याला भरला, आणि जाताना परत ठेवलीही नाही.

मग एका शनिवारी मी नेहमीसारखा गेलो तर बाहेर मोटारसायकल उभी होती. त्याची मुलगी आणि जावई न कळवता आले होते. खोलीला कुठला रंग द्यायचा ते बापाला विचारायला, रंगांचं कार्ड घेऊन. नात पुढच्या खोलीत पाटीवर काहीतरी काढत होती. मी आत गेलो. मुलगी ओट्याशी उभी होती. पाणी घ्यायला तिनं फ्रीज उघडला होता. बाटली तिच्या हातात होती, बूच काढलेलं.

"बाबा, हे काय आहे?" ती विचारत होती. आवाज चढलेला नव्हता, उलट बसलेला होता. मग तिनं मला पाहिलं. "काका, हे जपानी लिहिलेलं आहे. तुमच्या पोराची आहे का?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. त्याला भीती वाटत नव्हती. मी आता सांगेन, आणि विषय संपेल, असं त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्वच्छ होतं.

"हो बाई," मी म्हटलं. "पोरानं डॉक्टरसाहेबाले द्याले आणली होती. तुह्या काकूच्या भेवानं इथं ठेवली."

इथपर्यंत सगळं खरं होतं. इथं थांबून पुढं खरंच बोलता आलं असतं.

"पण हे तर निम्म्याहून खाली आलं," जावई म्हणाला.

"मी ठेवली तवा सीलबंद होती."

हेच ते वाक्य. मी ते आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं तेव्हा ते मला खोटं वाटलंही नाही, कारण ठेवली तेव्हा ती सीलबंद होतीच. मास्तर माणसाला अशी वाक्यं करता येतात. प्याला माझ्या शर्टाच्या खिशात होता. मित्राची नजर तिथं गेली, मग फरशीकडे गेली.

"काका, तुमाले माहीत नाई का यांचं?" मुलगी म्हणाली. "तुमी दारू यांच्या घरात ठेवली?"

"चुकलं बाई माहं. माहा त्याच्यावर विश्वास होता."

मी माफी मागितली ती अशी, भलत्याच गोष्टीची आणि भलत्याच माणसाची.

तिनं बापाला विचारलं, "तुमी पेले?" त्यानं ओट्यावरचं रंगांचं कार्ड सरळ केलं. मग म्हणाला, "हाव. घेतली."

तिनं बाटली मोरीत उपडी केली. वास सगळ्या घरात पसरला. कितीतरी महिन्यांनी मला एखादा वास इतका भरून आला, आणि त्या क्षणी, त्या घरात जे चाललं होतं ते चालू असताना, माझ्या मनात आलं की एवढी गेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगून हे वगळता आलं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

ते लोक नातीला घेऊन लगेच निघाले. रंगांचं कार्ड ओट्यावर राहिलं. मी त्याला म्हटलं, "तू काऊन हो म्हटलं?"

"मी नाई म्हटलं असतं तं तिनं कोणाचं खरं मानलं असतं?" तो म्हणाला. "आतापर्यंत कितीक वेळा नाई म्हटलं म्या तिच्या मायले, तोंडाले वास येत असतानी. जा तू आता घरी."

उद्या अमडापूरला जाऊन सांगतो, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी वंदना होती. जावयानं कुणाला फोन केला असेल, गोष्ट विहारात माझ्याआधी पोचली होती. मुलांची चित्रकला काही दिवस बंद ठेवू, असं लोक म्हणाले. तेव्हा मी उभा राहिलो. आता सांगतो, असं म्हणूनच उभा राहिलो होतो. आणि म्हणालो, "आपण त्याले आणखी एक संधी देऊ." लोकांना माझं मन मोठं वाटलं. घरी आलो तर हिनं डबा भरला नव्हता. "त्यानं तुमचा भरोसा मोडला," ती म्हणाली, "आता माह्या हातचं नाई भेटत त्याले." मी ताटावर बसलो आणि जेवलो.

तो पुढच्या रविवारी आलाच नाही. महिनाभरात घराला कुलूप लावून गावी निघून गेला, भावाच्या शेतातल्या खोलीत. दिवाळी आली आणि गेली.

मग मी त्याच्याकडे जायला लागलो. राजूरचा घाट उतरून, मोताळ्याला बस बदलून. लोक म्हणायचे, एवढं होऊन सर दोस्ती सोडत नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा तो कपाशीच्या कडेला खाट टाकून बसला होता. अंगानं उतरला होता, डोळे स्वच्छ होते. त्यानं प्यायला सुरुवात केली असेल, अशी मला जातानाच्या वाटेवर भीती होती. भीती म्हणालो, पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली एक आशा होती, की प्याला असेल तर माझं वाक्य निदान मागाहून खरं होईल. तो प्यालेला नव्हता. पुढंही शेवटपर्यंत प्याला नाही.

चहा झाला. कपाशीवरची अळी, भावाचं गुडघ्याचं दुखणं, असं बोलणं झालं. मी बोलायचं ठरवून गेलो होतो. मध्येच तोच म्हणाला, "नाकाचं कसं आहे?"

"येते आता वास."

"सगळे?"

"बहुतेक."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि कपबशा धुवायला उठला. ते टोमण्यानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्याला खरंच बरं वाटलं होतं. त्यानंतर मला बोलता येईना. बसची वेळ झाली असं सांगून मी निघालो. बसला बराच वेळ होता. स्टँडवर येरझाऱ्या घालत राहिलो.

असा मी बऱ्याच वेळा गेलो. दर वेळी पिशवीत काहीतरी नेत असे, रंगाच्या बाटल्या, कागद, हिंगाची डबी. दर वेळी कुणीतरी समोर असायचं, किंवा त्याला बरं नसायचं, किंवा तो फार खुशीत असायचा. एकदा त्याचा भाऊ म्हणाला, "सर, तुमी आले की हा दोन दिवस नीट जेवत नाई. काऊन ते समजत नाई." तरी मी जात राहिलो.

तो शेतातच पडला. मोताळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेला. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मातीला मुलगी आली होती. सगळं आटोपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि वाकून पायाला हात लावला.

"काका, बाबाले शेवटपर्यंत तुमीच भेटत राह्यले," ती म्हणाली. "आमी कोणी आलो नाई. मी पोरीलेबी येऊ देलं नाई. ते खोली तशीच आहे. सोयाबीनचे पोते ठेवतो तिच्यात."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्यामागं माणसं उभी होती. हेही कारणच.

त्यानंतर मुलगा दोनदा येऊन गेला. बाटली आणू का, असं त्यानं एकदा विचारलं, मी नको म्हटलं. त्याला कारण सांगितलं नाही. विहारात पाचव्या शीलाशी आल्यावर माझा आवाज बसायला लागला. घसा धरतो असं सांगून मी ते काम दुसऱ्याकडे दिलं. रात्री झोपतो, दुपारी झोप येत नाही. दुपार झाली की अजूनही पाय चपलेकडे जातात.

मागच्या महिन्यात मी हिला सांगितलं. शेंगा सोलत बसलो होतो. सगळं सांगितलं, बाटली ओतली तेव्हा मनात आलेलं सोडून. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "म्या त्याचा डबा बंद केला. तवा तुमी समोर बसून जेवले." मग टरफलं गोळा केली. दारूबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला वाटत होतं ती त्याबद्दलच बोलेल. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली, "त्याच्या पोरीले सांगाले जा. मले नका सांगू."

मी अजून गेलो नाही. चिखलीपर्यंत एकदा गेलो होतो, तिथून परत आलो. म्हणून हे लिहून काढलं. हे त्याच्या मुलीकडे जाईल, विहारातल्या लोकांकडेही जाईल. मी किती सावकाश चव घेत होतो आणि तो पुढच्या खोलीत पंख्याखाली काय करत बसला होता, हे त्यांना कळू दे. त्यानं सोडल्यापासून एक थेंब घेतला नव्हता. माझी बाटली इतके दिवस त्याच्या घरात असतानाही घेतला नव्हता.

त्याला सांगायचं होतं ते फार नव्हतं. आमच्या गावच्या बोलीतच सांगणार होतो, खाटेवर त्याच्या शेजारी बसून.

गड्या, बाटली म्या उघडली अन् म्याच पेली. तू लवकर सरव म्हटलं, मी चव पाहत बसलो. तुह्या पोरीसमोर तुह्यावर ढकललं अन् तुही खोली गेली. तू काई केलं नव्हतं. मले माफ कर.